पदवीशिवाय अकाउंट्सच्या कामात शिरताना

हिशेब लिहिण्याच्या कामाला कायद्याने पदवीची अट घातलेली नाही. अट आहे ती काही ठिकाणी सही करण्यासाठी. कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण आणि आयकराचे टॅक्स ऑडिट यांवर केवळ चार्टर्ड अकाउंटंटच (सीए) सही करू शकतो, आणि जीएसटी प्रॅक्टिशनर (इतरांची जीएसटी रिटर्न भरणारा नोंदणीकृत सल्लागार) म्हणून नव्याने नोंदणी करायची तर पदवी किंवा एखाद्या व्यावसायिक संस्थेची अंतिम परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. परंतु दुकान, कारखाना, पतसंस्था किंवा कर सल्लागाराचे कार्यालय यांत व्हाउचर लिहिणे, बँक जुळवणे, चलन तयार करणे, रिटर्नची आकडेवारी काढणे ही सर्व कामे बारावी झालेला माणूस करू शकतो, आणि अनेक ठिकाणी तोच करत असतो. बारावी वाणिज्य झालेल्या, पण घरच्या अडचणीमुळे महाविद्यालयात जाऊ न शकलेल्या मुलामुलींसाठी हे लिहीत आहे.

सुरुवात संगणकापासून करू नये. बाजारात तीन महिन्यांच्या टॅलीच्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या) क्लासची जाहिरात सर्वत्र दिसते, परंतु ज्याला नावे (डेबिट) आणि जमा (क्रेडिट) कळत नाही त्याला टॅली केवळ बटणे शिकवते. अकरावी-बारावीचे पुस्तपालन व लेखाकर्माचे पुस्तक पुन्हा उघडावे, ओळखीच्या एखाद्या किराणा दुकानदाराची एका महिन्याची बिले मागून घ्यावीत आणि वहीत हाताने कीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खातेवार नोंदी) आणि तेरीज (सर्व खात्यांच्या शिल्लकांची नावे-जमा यादी) करावी. पहिली अडचण बहुधा पासबुकाची येते. आपण बँकेत ५,००० रुपये भरले की पासबुकात ते जमा दिसतात, आपल्या पुस्तकात मात्र बँकेचे खाते नावे पडते. याचे कारण असे की पासबुक ही बँकेच्या वहीतली नोंद आहे, आणि त्या वहीत आपण बँकेचे धनको असतो. हे एकदा मनात पक्के बसले, की निम्मे पुस्तपालन आले असे मी समजतो.

तेरीज जुळली नाही तर दोन्ही बाजूंच्या फरकाला ९ ने भागून पाहावे. भाग पूर्ण गेला तर बहुतेक वेळा कुठेतरी अंकांची अदलाबदल झालेली असते; ५,४३० ऐवजी ५,३४० लिहिले तर फरक ९० येतो. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीशी जुळत असेल, तर ती नोंद चुकीच्या बाजूला पडली असण्याचा संभव मोठा.

यानंतर टॅली शिकावे. टॅली प्राइम शैक्षणिक मोडमध्ये विनाशुल्क वापरता येते. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात, परंतु सरावाला तेवढे पुरे. एफ ५ ला पेमेंट, एफ ६ ला रिसीट, एफ ७ ला जर्नल, एफ ८ ला सेल्स आणि एफ ९ ला पर्चेस, एवढे बोटांना सवयीचे झाले की वहीत लिहिलेला तोच महिना टॅलीत भरावा आणि दोन्हीकडची तेरीज ताडून पाहावी.

नोकरी ज्याच्या जोरावर मिळते आणि टिकते ते कौशल्य म्हणजे जुळवणी. आपल्या पुस्तकात बँकेची शिल्लक ८२,४०० रुपये आहे आणि स्टेटमेंटमध्ये ९३,९१० दिसते, असे समजा. शोध घेता असे आढळते की आपण एका व्यापाऱ्याला दिलेला १२,१०० रुपयांचा चेक अजून वटलेला नाही, म्हणून बँकेकडे तेवढी रक्कम जास्त दिसते. आणि बँकेने ५९० रुपये शुल्क कापले आहे, त्याची नोंद आपल्याकडे नाही. ८२,४०० मध्ये १२,१०० मिळवून ५९० वजा केले की ९३,९१० येतात. चेकसाठी काही करायचे नाही, वाट पाहायची. शुल्काची नोंद मात्र लगेच घालायची, आणि त्या ५९० मध्ये ५०० शुल्क व ९० रुपये जीएसटी आहे हे ओळखून दोन वेगळ्या खात्यांत टाकायची. मुलाखतीत अशी एक जुळवणी कागदावर करून दाखवणारा उमेदवार मला पाच प्रमाणपत्रे आणणाऱ्यापेक्षा उजवा वाटतो.

जीएसटीतही काम जुळवणीचेच आहे. पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचे जीएसटीआर-२बी हे पत्रक साधारणपणे पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. ते खरेदीच्या नोंदींशी पडताळून, राहिलेल्या बिलांसाठी पार्टीला फोन करून, मगच २० तारखेचे ३बी, म्हणजे महिन्याचा कर भरण्याचे रिटर्न, भरावयाचे असते. मासिक रिटर्न भरणाऱ्याची विक्रीची माहिती ११ तारखेपर्यंत जाते, टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) बहुतेक महिन्यांत ७ तारखेपर्यंत आणि भविष्य निर्वाह निधी १५ तारखेपर्यंत. बिल हातात आले की प्रथम पंधरा अंक-अक्षरांचा जीएसटी क्रमांक पाहावा: पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, आणि पुढची दहा स्थाने पॅनची. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने माल पुण्याला पाठवला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी (केंद्राचा व राज्याचा वाटा) लागतो, पणजीला पाठवला तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर). नवख्याच्या हातून येथे फार चुका होतात.

पहिली नोकरी शक्यतो सीए किंवा कर सल्लागाराच्या कार्यालयात धरावी, पगार दुकानापेक्षा कमी असला तरीही. दुकानात एकाच धंद्याची पुस्तके दिसतात. सल्लागाराकडे वर्षभरात कंत्राटदार, औषधविक्रेता, हॉटेल, वाहतूकदार असे सगळे हाताखालून जातात आणि मार्च एंडिंगला ताळेबंद कसा आकार घेतो हे प्रत्यक्ष पाहता येते. सुरुवातीचे काही महिने फायली लावण्यात आणि बँक एन्ट्री करण्यात जातील. त्या काळात प्रत्येक एन्ट्री अशीच का, हे वरिष्ठांना विचारत राहावे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी रिटर्न भरून झालेल्या महिन्यातले एक खरेदी बिल मी कोणाला न विचारता दुरुस्त केले, आणि वर्षाअखेरीस पुस्तके व रिटर्न यांतला फरक शोधण्यात आम्हा तिघांचे चार दिवस गेले. बंद झालेल्या महिन्याला हात लावू नये. चूक नव्या तारखेच्या नोंदीने, कारण लिहून सुधारावी. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारकही आहे. ग्राहकाचा पासवर्ड, ओटीपी आणि डिजिटल सही यांचा वापर सांगितल्याखेरीज कधीही करू नये.

ज्यांना पुढे सहीचा अधिकार हवा आहे त्यांनाही पदवी अनिवार्य नाही. बारावीनंतर सीए फाउंडेशनचे चार पेपर, मग इंटरमीजिएटचे सहा, दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) आणि फायनलचे सहा पेपर, असा हा मार्ग आहे. फाउंडेशनला प्रत्येक पेपरात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के गुण लागतात, आणि वस्तुनिष्ठ पेपरांत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. हा मार्ग कठीण आहे. कॉस्ट अकाउंटंट्सच्या संस्थेचा अकाउंटिंग टेक्निशियनचा अभ्यासक्रमही बारावीनंतर करता येतो, आणि पदवी हवीच असे पुढे वाटले तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून बी.कॉम. करता येते. आर्टिकलशिपच्या काळात मात्र परवानगीशिवाय दुसरी नोकरी करता येत नाही आणि विद्यावेतन तुटपुंजे असते, म्हणून त्या दोन वर्षांचा घरखर्च कसा भागणार, हे इंटरमीजिएटचा अर्ज भरण्यापूर्वीच घरच्यांशी बसून कागदावर मांडावे.