बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं फुललंय? या चुका टाळा

मागच्या जुलैतली सकाळ. नेरूळला सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये गाडी दोन दिवस उभी होती, बाहेर पाऊस कोसळत होता. चावी फिरवली तर नुसतं टक... टक... दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, सेल्फ मात्र फिरेना. बोलावलेल्या बॅटरीवाल्याने बॉनेट उघडलं, प्लसच्या टर्मिनलवरची हिरवट-पांढरी भुकटी पाहिली आणि "बॅटरी गेली साहेब" म्हणून मोकळा झाला. मी बदलली. पाचव्या महिन्यात पुन्हा तेच टक-टक. नव्या बॅटरीवर त्याने जुनाच क्लॅम्प (वायरच्या टोकाचं, बॅटरीच्या खुंटीवर आवळायचं कडं), आतून न घासता, दाबून बसवला होता.

तर पहिली चूक हीच: भुकटी दिसली की बॅटरीला मूठमाती देणं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टीमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. मग संशय जोडावर घ्या. सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर करंट त्या जोडातून जातो. तिथे ०.०१ ओहम इतका क्षुल्लक अडथळा असला तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच खलास. दिव्यांना थोडासाच करंट लागतो, म्हणून ते लागतात आणि आपण फसतो. खात्री करायची तर मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरी क्लॅम्पवर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.१ व्होल्टच्या आत आकडा राहिला तर जोड ठीक.

आपल्याकडे वाशी-ऐरोलीपासून घोडबंदर रोडपर्यंत सगळं खापर खाडीच्या हवेवर फुटतं. खाऱ्या दमट हवेने नटबोल्ट आणि ट्रे गंजतात हे खरं, पण ही भुकटी मुख्यतः बॅटरीच्या स्वतःच्या सल्फ्युरिक अॅसिडची. खुंटीच्या बुडातून, झाकणातून त्याचा अंश बाहेर येतो. शिशाशी गाठ पडली की पांढरं लेड सल्फेट, तांब्याशी पडली की निळं-हिरवं कॉपर सल्फेट. निळं दिसलं तर वायर आतून खाल्ली जातेय का, ते बघाच.

अॅसिड बाहेर यायला पुष्कळदा आपणच कारण असतो. पाणी काठोकाठ भरायचं आणि चार्जिंग होताना ते उतू गेलं की आश्चर्य करायचं! खुणेपर्यंतच भरा, तेही डिस्टिल्ड वॉटर. नवी मुंबईला येणारं मोरबे धरणाचं पाणी आपल्याला कितीही गोड लागो, त्यातले क्षार बॅटरीला चालत नाहीत.

साफ करायला वायर सोडवताना पाना आधी मायनसला लावा. प्लस आधी सोडवताना पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं तर सरळ शॉर्ट, कारण मायनस बॉडीलाच जोडलेलं असतं. वर चार्जिंगमध्ये निघालेला हायड्रोजन आजूबाजूला असू शकतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो. बसवताना उलट: प्लस आधी, मायनस शेवटी. इंजिन चालू ठेवून वायर काढायची आणि "गाडी बंद पडली नाही, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चांगला" ही जुनी मेकॅनिकी परीक्षा आजच्या गाडीवर करू नका. अचानक चढलेल्या व्होल्टेजने ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो.

सुकी भुकटी पॉलिश पेपरने खरवडणं मला सगळ्यात खटकतं. त्या धुळीत शिसं असतं, ते नाकात जातं. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घाला, हातमोजे-चष्मा घाला, सेलची झाकणं घट्ट आहेत ना बघा (सोडा आत गेला तर तो तिथलंही अॅसिड मारेल) आणि जुन्या टूथब्रशने लावा. फेस थांबेपर्यंत लावत राहा. मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करा. आता वायर ब्रशने खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू शिसं चमकेपर्यंत घासा. बाहेरून कितीही लखलखलं तरी करंट आतल्या बाजूनेच जातो. कोल्ड्रिंक ओतणारेही भेटतात. भुकटी निघते, पण मागे चिकट साखर राहते.

क्लॅम्प निघत नसेल तर हातोडी नको, पकडीने पिळणंही नको. खुंटीचं सील फुटलं की अॅसिडला कायमची वाट मिळते. नट सैल करून क्लॅम्पची फट अलगद फाकवा. आणि सैल क्लॅम्पमध्ये पत्र्याचा तुकडा खुपसण्याचा जुगाड नको, नवा क्लॅम्प घ्या. व्हॅसलीन सगळं आवळून झाल्यावर वरून लावा, आधी लडबडू नका.

वायर काढल्यामुळे घड्याळ, काचांचं ऑटो बटण पुन्हा सेट करावं लागू शकतं, काही गाड्यांत म्युझिक सिस्टीम कोड मागते. तो आधीच शोधून ठेवा.

महिन्याभरात परत फुललं तर इंजिन चालू ठेवून व्होल्टेज मोजा. साधारण १३.८ ते १४.४ यायला हवं. पंधराच्या घरात गेलं तर बॅटरी जास्त चार्ज होऊन उकळतेय, चार्जिंगचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर दाखवा. माझ्या गाडीचं १४.२ आलं. दोष वायरचा निघाला: प्लसच्या वायरचं टोक आवरणाखाली बोटभर हिरवं पडलं होतं. तुर्भ्यात एका वायरिंगवाल्याने तेवढं कापून नवा क्लॅम्प बसवला, अर्ध्या तासात.