गिटार किती तापमानात ठेवावी?

माणसाला ज्या खोलीत सुखाने बसता येते, ती खोली गिटारलाही मानवते. आकड्यांत सांगायचे तर 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमान आणि 45 ते 55 टक्के सापेक्ष आर्द्रता असावी. यांपैकी आर्द्रतेकडे अधिक लक्ष द्यावे, कारण लाकूड नुसत्या उष्णतेने फारसे हलत नाही. ते फुगते वा आकसते ते ओलाव्यामुळे, आणि तेही लाकडातल्या रेषांच्या आडव्या दिशेने. प्लायवुडच्या गिटारपेक्षा अखंड लाकडाच्या गिटारला याचा त्रास बराच अधिक होतो.

म्हणून गिटारच्या केसमध्ये (पेटीत) एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. तो बरोबर दाखवतो का, हे पाहण्यासाठी बाटलीच्या झाकणात ओले केलेले मीठ घेऊन ते मापकासह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे; आकडा 75 च्या आसपास यायला हवा.

कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर हवा 80 टक्क्यांच्या वर असते. तेव्हा गिटारची वरची फळी ब्रिजमागे (तारा जिथे फळीला अडकवतात त्या पट्टीमागे) फुगते, तारा उंच होतात आणि बुरशीही धरते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि ओल आलेल्या भिंतीला गिटार टांगू नये. विदर्भातला उन्हाळा याच्या नेमका उलट. लाकूड आकसल्याने फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोके बोटांना टोचू लागली, की फळीला चीर पडण्याआधीच भोके पाडलेल्या साबणदाणीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज घालून ती केसमध्ये ठेवावी. कूलरच्या झोतासमोर मात्र गिटार नको. तो चालू असताना दमट आणि बंद होताच कोरडी होणारी हवा कायम कोरड्या हवेपेक्षाही वाईट.

खरा धोका उन्हात उभ्या केलेल्या मोटारीचा आहे, आणि डिकीही त्याला अपवाद नाही. बंद गाडी तासाभरात 50 अंश सहज ओलांडते, तर नेहमीचा लाकडी सरस 60-65 अंशांच्या सुमारास मऊ पडू लागतो. पोलादी तारांचा सुमारे 70 किलोंचा ताण त्या वेळी ब्रिज उखडू शकतो. गिटार महिनोन्‌महिने ठेवायची असल्यास तारा अर्धा ते एक स्वर उतरवाव्यात, पूर्ण सैल करू नयेत. थंडगार एसी डब्यातून वा विमानातून आणलेली केस घरी आल्यावर तासभर तरी बंदच राहू द्यावी, म्हणजे थंड लाकडावर दव धरणार नाही.