कुत्रा केस चावून टक्कल पाडत असेल, तर या चुका टाळा

कुत्रा स्वतःचे केस दातांनी कुरतडू लागला आणि कातडीवर लालसर, उघडे चट्टे दिसू लागले, की बहुतेक घरांत आधी मलमाची ट्यूब शोधली जाते. खाज कशामुळे सुटली आहे हे न पाहता चट्ट्यावर केलेला उपचार टिकत नाही आणि मुक्या जिवाचे हाल मात्र लांबतात.

कुत्रा नेमका कुठे चावतो, हे आधी पाहावे. शेपटीच्या मुळाशी, कंबरेवर आणि मांड्यांच्या मागच्या बाजूस केस गेले असतील, तर पिसवांच्या लाळेची ॲलर्जी हा पहिला संशय असावा. अंगावर एकही पिसू दिसत नाही म्हणून ही शक्यता सोडून देणे ही सर्वांत मोठी चूक होय. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला मोजके चावेही पुरे होतात आणि चाटता-चावताना तो पिसवा गिळूनही टाकतो. बारीक फणीने तिथले केस विंचरावेत आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा आहे.

औषध केवळ कुत्र्याला देऊन थांबू नये. पिसवांची अंडी अंथरुणात, सोफ्यात आणि फरशीच्या फटींत गळून पडतात, तर कोशातील पिसवा काही महिनेही तग धरतात. म्हणून घरातील सर्व कुत्र्या-मांजरांवर सलग काही महिने उपचार करावा आणि अंथरूण गरम पाण्यात धुवावे. मात्र पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असलेले कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये. ते मांजराच्या जिवावर बेतते.

माणसांसाठीचे स्टेरॉइडयुक्त मलम, फिनाईल किंवा गाडीचे जळके ऑइल चट्ट्यावर लावणे घातक आहे, कारण कुत्रा ते चाटतोच. जखम भरेपर्यंत गळ्यात कोन, म्हणजे चाटता-चावता येऊ नये म्हणून घालायची शंकूच्या आकाराची कॉलर, घालावा. त्याची कीव येऊन तो रात्री काढला, तर एका रात्रीत सगळे मुसळ केरात जाते.

कानांच्या कडा आणि कोपरांवर खाज असून घरच्यांनाही खाजू लागले, तर खरजेची शंका घ्यावी आणि पशुवैद्याकडून त्वचा खरवडून तपासून घ्यावी. चट्टा ओलसर असेल, त्याला दुर्गंधी येत असेल किंवा तो काही तासांत पसरत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.