गुरुत्वमध्याच्या गणितात निम्म्या वजनाला फसू नका

मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला आलेल्यांना हा धडा किती छळतो, ते मला अजून आठवतं. व्याख्या तुम्हाला पाठ असेलच: वस्तूचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू. पण याच व्याख्येतून एक समजूत नकळत डोक्यात शिरते आणि पुढची सगळी गणितं नासवते. गुरुत्वमध्याच्या एका बाजूला निम्मं वजन, दुसऱ्या बाजूला निम्मं! हे साफ खोटं आहे.

एक मीटर लांबीची, सगळीकडे सारखी दांडी घ्या, वजन २ न्यूटन. एका टोकाला ३ न्यूटनचा छोटा गोळा बसवा. अंतरं गोळ्यापासून मोजू. गोळ्याचा टॉर्क (वजन गुणिले अंतर, म्हणजे फिरवण्याचा जोर) शून्य, दांडीचा २ × ०.५ = १. एकूण वजन ५, म्हणून गुरुत्वमध्य गोळ्यापासून ०.२ मीटरवर. दांडी बोटावर तिथेच तोलली जाईल. आता तिथेच कापा. गोळ्याकडचा तुकडा ३.४ न्यूटन, दुसरा १.६. दुपटीहून जास्त फरक! पण त्या बिंदूभोवती टॉर्क काढा: एकीकडे ३ × ०.२ अधिक ०.४ × ०.१ म्हणजे ०.६४, दुसरीकडे १.६ × ०.४, तेही ०.६४. सारखे असतात ते टॉर्क, वजनं नव्हे. हे नुसतं वाचू नका, आकडे बदलून कागदावर करा.

तरीही पटत नसेल तर त्रिकोणी पत्रा घ्या. त्याचा गुरुत्वमध्य मध्यगांच्या छेदनबिंदूवर असतो, हे आर्किमिडीजने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केलं. मध्यगेवरून कापला तर दोन्ही भाग खरंच सारखे निघतात, आणि त्यामुळेच चुकीची समजूत आणखी घट्ट होते. त्याच बिंदूतून पायाला समांतर कापून बघा: वरचा भाग ४/९, खालचा ५/९.

क्लासमध्ये सूत्रांचा तक्ता मिळतो: सपाट पायापासून मोजलं तर भरीव गोलार्ध ३/८ त्रिज्या, पोकळ १/२, भरीव शंकू १/४ उंची. पाठ जरूर करा, वेळ वाचतो. पण तबकडीत कडेला टेकणारं निम्म्या त्रिज्येचं भोक पाडलं की तक्ता कामाचा नाही. कापलेला भाग ऋण वजनाचा धरून टॉर्क मांडा. गुरुत्वमध्य भोकाच्या उलट बाजूला त्रिज्येच्या १/६ सरकलेला मिळेल. जो शिक्षक अक्ष न आखता थेट सूत्र लिहितो, त्याच्याकडे हा धडा शिकूच नये, असं माझं ठाम मत आहे.

धीर मात्र सोडू नका. टॉर्क एकदा दिसू लागला की गुरुत्वमध्य वस्तूच्या बाहेर आला तरी दचकायला होत नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये उंच उडीत डिक फॉस्बरीने आडव्या दांडीवरून पाठ वाकवून २.२४ मीटर उडी मारली आणि सुवर्णपदक घेतलं. त्या शैलीत अंग दांडीवरून जातं, गुरुत्वमध्य मात्र दांडीखालून जाऊ शकतो.

आणि वस्तू उलटण्याची गणितं तर सोपीच होतात. समजा, उसाच्या ट्रॉलीच्या डाव्या-उजव्या चाकांत १.८ मीटर अंतर आहे आणि भरल्यावर गुरुत्वमध्यही १.८ मीटर उंचीवर आहे. रस्ता एका बाजूला साधारण २७ अंश कलला की वजनाची रेषा खालच्या चाकाबाहेर पडते आणि ट्रॉली उलटते. भर उतरवून ती उंची १.२ मीटर केली, तर हाच कोन सुमारे ३७ अंश होतो.