क्रानाखच्या इलेक्टरची तैलरंगात नक्कल कशी करावी

लुकास क्रानाख १५०५ पासून सॅक्सनी या जर्मन राज्याच्या इलेक्टरांचा, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या राज्यकर्त्यांचा, दरबारी चित्रकार होता. इलेक्टर फ्रीडरिश १५२५ मध्ये वारला. पुढे १५३३ मध्ये त्याच्या पुतण्याने फ्रीडरिश आणि त्याचा भाऊ योहान यांच्या लहान चित्रांच्या तब्बल ६० जोड्या क्रानाखच्या कारखान्यातून करून घेतल्या. म्हणजे फ्रीडरिशचं हे चित्र मुळात पुन्हा पुन्हा काढण्यासाठीच बसवलेलं आहे. नक्कल शिकायला याहून चांगलं चित्र मला माहीत नाही.

आकार मूळचाच ठेवा, साधारण २० बाय १४ सेंमी. फळीच घ्या. कॅनव्हासची वीण दाढीच्या केसांना आडवी येते. सरस आणि खडूचं अस्तर काचेसारखं घासा. रेखाटन ट्रेस करून उतरवा, त्यात कमीपणा काही नाही. पार्श्वभूमी आणि काळा कोट सपाट भरा, घड्या कोट वाळल्यावर.

आता चेहरा. मी सर्वांत जास्त काळ इथेच अडकलो होतो, आणि चुकीचे सल्लेही इथेच मिळतात. ‘आधी तपकिरी रंगात छायाप्रकाश बसवा, मग त्वचेचा रंग चढवा’ असं जो तो सांगतो. ती रीत इतर चित्रकारांची असेल, क्रानाखचा क्रम बरोबर उलटा आहे. आधी अख्ख्या चेहऱ्यावर पांढरा आणि किंचित व्हर्मिलियन (शेंदरी लाल) मिसळून एकसारखा, अपारदर्शक गुलाबी थर द्या. या थरात सावली अजिबात नको. क्रानाख वापरायचा तो शिशाचा पांढरा विषारी असतो, म्हणून टायटॅनियम व्हाइट घ्या. पण तो थंड पडतो, चेहरा खडूसारखा दिसतो. चिमूटभर पिवळा ऑकर (पिवळ्या मातीचा रंग) घातलाच पाहिजे.

हा थर पक्का वाळू द्या. बोटाला लागत नाही म्हणजे वाळला, असं मुळीच नाही. घाई केलीत तर पुढचा हात फिरताच गुलाबी उचकटून येतो आणि चेहरा मळतो.

मग सावल्या. तपकिरी-काळा रंग जवसाच्या तेलात इतका पातळ करा की खालचा गुलाबी दिसत राहील. डोळ्यांखालच्या पिशव्या, नाकाची एक बाजू, गालाचा खालचा भाग, बस. सावली कमी वाटली तर वाळल्यावर दुसरा थर द्या. एकाच थरात गडद करू नका.

शेवटी बारीक ब्रशने गडद रेषा: पापणीची कड, नाकपुडी, ओठांमधली फट. या रेषा मऊ ब्रशने पुसू नका, कितीही मोह झाला तरी! क्रानाखचा चेहरा रेषेवर उभा असतो. ती विरघळली की फ्रीडरिश जातो आणि कुणीही एक जाडा म्हातारा उरतो.

दाढी केसागणिक काढा, आधी गडद, वर फिके.

सही म्हणजे तोंडात अंगठी धरलेला पंखवाला साप. १५३३ च्या चित्रात त्याचे पंख वटवाघळासारखे उभे हवेत. पक्ष्याचे मिटलेले पंख १५३७ नंतरचे. फळीच्या मागे स्वतःचं नाव, साल आणि ‘नक्कल’ हा शब्द न पुसणाऱ्या शाईने लिहा.