गुडघ्याचा एमआरआय काढायला निघण्याआधी या चुका टाळा

कबड्डीत पाय मुरगळला किंवा धुऱ्यावरून घसरला की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एक तर महिनाभर मालिश आणि लेप, नाहीतर दुसऱ्याच दिवशी गाडी करून अकोला-नागपूर गाठायचं आणि थेट एमआरआय. दोन्हींत गुडघा कोणी हाताने तपासलेलाच नसतो. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

अस्थिरोगतज्ज्ञ गुडघा थोडा वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्याने नडगी पुढे ओढतो. एसीएल हे मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारं लिगामेंट तुटलं असेल, तर नडगी नको तितकी पुढे सरकते आणि शेवटी घट्ट अडत नाही. ताज्या सुजेत दुखण्याने स्नायू आखडतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावं. मार लागताना 'कट्' आवाज आला का, सूज दोन-तीन तासांत आली की दुसऱ्या दिवशी, पायरी उतरताना गुडघा निसटतो का, हे डॉक्टरांना न विसरता सांगा. पटकन आलेली सूज बहुतेकदा आत रक्त साचल्याची खूण असते.

एक्स-रे टाळू नका. चार पावलंही टाकता येत नसतील तर हाड मोडलं आहे का, हे आधी पाहायला हवं. वयस्कर माणसाची झीज तर उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्येच नीट कळते.

एमआरआय यंत्राचं चुंबक कायम चालू असतं. डोरलं, जोडवी, करदोडा, तावीज घरीच ठेवा. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, पायात बसवलेली धातूची पट्टी किंवा स्क्रू असेल तर नंबर लावतानाच सांगा. वेल्डिंग-ग्राइंडिंग करणाऱ्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे सांगायलाच हवं. तो कण आत हलला तर डोळा जाऊ शकतो.

तपासणीला साधारण अर्धा तास लागतो. पाय हलला की चित्र पुसट येतं, म्हणून आधी लघवीला जाऊन या. घाबरू नका, यात एक्स-रेसारखे किरण नसतात.

रिपोर्टमध्ये 'ग्रेड 2' दिसलं की घरात रडारड सुरू होते. गुडघ्याच्या हाडांमधल्या गादीतला (मेनिस्कस) ग्रेड 1 किंवा 2 चा बदल पृष्ठभागापर्यंत पोचलेला नसतो, त्याला फाटणं म्हणत नाहीत. पन्नाशीनंतर तर काहीही न दुखणाऱ्या गुडघ्यातही गादी फाटलेली आढळते. कागद पाहून ऑपरेशन ठरवू नका. व्हॉट्सअॅपवरचा फोटोही पुरत नाही. फिल्म आणि सीडी दोन्ही मागून घ्या आणि गुडघा तपासणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवा.

आणि गुडघा गरम-लाल होऊन ताप आला, पाऊल थंड किंवा बधिर पडलं, किंवा गुडघा अडकून सरळच होईना, तर एमआरआयच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.