जपानी निबंधात अवघड कांजी कुठे वापरायची आणि कुठे हात आवरायचा

आधी एक क्लिअर करते, जेएलपीटीत (जपानी भाषेची लेव्हलवार परीक्षा) लेखन नसतंच, एन-5 ते एन-1 सगळीकडे नुसते गोल काळे करायचे, त्यामुळे एन-2 झालेली माणसंसुद्धा स्वतः लिहायची वेळ आली की गडबडतात. खरं लिहायला लागतं ते ईजेयूमधे, म्हणजे जपानच्या युनिव्हर्सिटीत अॅडमिशन हवी असणाऱ्यांची परीक्षा. 30 मिनिटं, 400 ते 500 अक्षरं, 50 मार्क.

आता कांजी म्हणजे जपानीत वापरतात ती चिनी मुळाची अक्षरं, पण अवघड कांजी म्हणजे जास्त रेघांची कांजी असं डोक्यातून काढा. गुलाबाला जपानीत बारा म्हणतात, त्याची कांजी दिसते भारी पण ती 2136 जोयो (रोजच्या वापराच्या) कांजींच्या सरकारी यादीतच नाही, जपानी लोकही ते सर्रास काना लिपीत, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहायच्या साध्या अक्षरांत लिहितात, मग आपण कशाला शायनिंग मारायची! इम्प्रेशन पडतं ते शब्द बदलल्यावर. फुएरुच्या (वाढणे) जागी ‘झोका सुरु’, हेरुच्या (कमी होणे) जागी ‘गेन्शो सुरु’. आणि असे शब्द घेतले की वाक्याचा शेवटही देआरु (लेखी वळणाचा) पाहिजे, मधेच देसु-मासु (बोलण्यातलं नम्र वळण) आलं की शेरवानीवर स्लीपर.

उलट कोतो (गोष्ट), तोकी (वेळ), तामे (साठी), आणि ताबेते मिरु (खाऊन बघणे) मधला मिरु हे हिरागानातच (रोजची काना लिपी) ठेवा. कांजी येते म्हणून तिथेही घुसडली की साडीला कांजी जास्त झाल्यासारखं होतं, कडक्क.

सगळ्यात जास्त घोळ सारख्या उच्चारांचा. किकाई म्हणजे संधी आणि किकाई म्हणजे मशीन, पहिली कांजी दोन्हीकडे तीच, दुसरी वेगळी. मी क्लासच्या टेस्टमधे ‘परदेशात शिकायचं मशीन मिळालं’ असं लिहून आले होते, सेन्सेईंनी (सरांनी/बाईंनी) लाल गोल केला आणि बाजूला फक्त एक स्मायली.

एइक्यो (परिणाम) हा शब्द तर कुठल्याही विषयात लागतोच, त्याची दुसरी कांजी 20 रेघांची, पण वर क्यो आणि खाली ओतो म्हणजे आवाज असे दोन तुकडे पाडले की बसते. तरी ऐनवेळी आठवली नाही तर अर्धा शब्द कांजीत अर्धा हिरागानात नको, ते फार विचित्र दिसतं, पूर्ण हिरागानात लिहा नाहीतर वाक्यच फिरवा.

मोबाईलवर टाईप करून हे येत नाही, कारण तिथे कांजी तो सुचवतो आणि आपण फक्त ओळखतो. पर्यावरण, शिक्षण, इंटरनेट अशा विषयांचे दहा-दहा शब्द काढा आणि चौकोनी कागदावर हाताने, घड्याळ लावून पूर्ण वाक्यातच लिहा, सुटी कांजी पन्नास वेळा गिरवून काही होत नाही.

शेवटची तीन मिनिटं राखून ठेवा. मिराईच्या (भविष्य) मि या कांजीमधे वरची आडवी रेघ छोटी, शुमात्सुच्या (वीकेंड) मात्सु मधे तीच मोठी, घाईत हमखास उलटं होतं. मात्सु (वाट बघणे) आणि मोत्सु (धरणे) यांची उजवी बाजू तर सेमच आहे, त्यामुळे तिथे फक्त डावीकडे बघायचं.